ओवळ्या हातचा गूळ

आमच्या घरात मोठ्याने हसणारी बाई एकच होती, माझी थोरली जाऊ उमावहिनी. रत्नागिरीच्या झाडगावातलं आमचं घर अगदी रस्त्याला लागून. तिचं हसणं आधी रस्त्यावर जाई आणि त्याच्या मागोमाग सासूबाईंचं "हळू गो!" जाई. नात्याने ती थोरली, पण वयाने आम्ही बरोबरीच्या, म्हणून मी तिला सरळ अगंतुगं करत असे. तिच्याविषयी लिही, असं मला कोणी सांगितलेलं नाही. पण आता मला कोणाची भीती राहिलेली नाही आणि लाज तर त्याच्याही आधी गेली. तेव्हा लिहिते. ज्यांना वाचवत नसेल त्यांनी पान उलटावं.

माझे मोठे भावजी, म्हणजे उमावहिनीचे यजमान, कोर्टात कारकून होते. नाव गोपाळकृष्ण फणसळकर. बारीक अंगाचे, मवाळ, आणि बोलायचे सगळं कोर्टाच्या भाषेत. आमटीत मीठ कमी पडलं तर म्हणायचे, "अर्जदाराची मिठाबाबत तक्रार आहे." वहिनी खदखदून हसायची. नवऱ्याच्या विनोदाला हसणारी बायको तेव्हाही दुर्मीळच होती. माझे यजमान मुंबईला एका पेढीत नोकरीला, वर्षातून दोनदा येणार. त्यामुळे या दोघांकडे बघून मला कधी बरं वाटायचं आणि कधी हेवा वाटायचा, हे खरं सांगते.

सन तीसच्या पुढेमागे कधीतरी भावजी झडायला लागले. पाण्याचा तांब्या सतत हातात, रात्री चारचारदा उठणं, आणि अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबलेला. आधी एका वैद्यांचं झालं. त्यांनी काढे दिले आणि सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "धातू जपायला हवा. रोगाचं मूळ तिथे आहे." मग मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासून मधुमेह सांगितला आणि इन्शुलिन टोचून घ्यायला लावलं. ते औषध तेव्हा नवलाईचं. मुंबईहून बोटीने यायचं, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की कोल्हापूरवरून घाटाने मोटारीतून. ते कापलेल्या गुराढोरांच्या अवयवातून काढतात, हे आम्ही सासूबाईंना कधीच कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्यांनी बाटलीसकट आम्हा दोघी सुनांना समुद्रात बुडवलं असतं.

बाटली स्वयंपाकघरात ठेवायची सोय नव्हती. न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत मडकं पुरून त्यात ती ठेवायची. सुई उकळायची, औषध ओढायचं, टोचायचं, सगळं वहिनी शिकली. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी ती त्यांना टोची. पहिल्या दिवशी ती सुई धरून नुसतीच बसली, तर भावजी म्हणाले, "आरोपी हजर आहे, शिक्षेची अंमलबजावणी व्हावी." पाच-सहा महिन्यांत त्यांच्या गालांवर पुन्हा मांस आलं. उमावहिनीने मारुतीला नारळ फोडला आणि मला म्हणाली, "माझा माणूस मला परत मिळाला गो."

पण मिळाला कुठे! सासूबाईंच्या डोक्यात वैद्यांचं ते वाक्य घट्ट बसलेलं. मुंबईचा डॉक्टर टोचण्या देवो नाहीतर आणखी काही करो, रोगाचं मूळ बायकोत आहे हे त्यांचं ठरलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी धाकूला, आमच्या बागेत काम करणाऱ्या गड्याला, हाक मारली आणि वहिनीची वळकटी माडीवरून खाली आणवली. तेव्हापासून ती माजघरात आमच्यात झोपायची आणि भावजी वर एकटे. "पुन्हा जिन्यावर पाय दिसला, तर लांज्याला पोचवीन, आणि मग बोलावणं येणार नाही," असं सासूबाईंनी बजावलं. लांजा म्हणजे वहिनीचं माहेर. घरात भाऊ-भावजय. तिथे परत गेलेल्या मुलीचं काय होतं ते सांगायला नको.

सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे इथेच सांगून ठेवते. भावजी दहा वर्षांचे असताना त्या विधवा झाल्या होत्या. केस गेले, अंगावर लाल आलवण आलं, आणि हातात राहिलं ते एक सोवळं. त्या सोवळ्यावर त्या जगल्या. स्वयंपाकघर म्हणजे त्यांचं राज्य. आंघोळ करून ओलेत्याने आत जायचं, मग काम होईपर्यंत कोणी शिवायचं नाही, आणि त्यांनी कशाला शिवायचं नाही. अंथरूण तर फारच वाईट. नवऱ्याजवळ गेलेल्या बाईने डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, हे आम्हाला लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. माझा नवरा मुंबईला, त्यामुळे माझ्या सोवळ्याला धक्का लागायची वेळच येत नसे.

आता गंमत बघा. ज्या सोवळ्याने वहिनीला खाली आणलं, त्याच सोवळ्याने तिला वाटही करून दिली. सासूबाई सोवळ्यात असल्या की माडीवर येऊच शकत नसत, कारण वर सगळी अंथरुणं. रविवारी कोर्टाला सुट्टी. दुपारची जेवणं झाली आणि सासूबाई काही पापड-सांडग्यांच्या कामाला सोवळ्याने बसल्या, की भावजी जिन्याशी येऊन घसा खाकरत आणि हळूच म्हणत, "दरखास्त दाखल आहे." वहिनी माझ्याकडे न बघता वर जाई. मी पडवीत तांदूळ निवडत बसे आणि उगाचच मोठ्याने गाणं म्हणे. माझा आवाज वाईट, पण त्याचा तेवढा उपयोग झाला.

पण दोन-तीन वेळा असं झालं की खाली येताना वहिनीचं तोंड उतरलेलं. एके दिवशी विहिरीवर दोघीच होतो, तेव्हा बोलली.

"त्यांना फार घाम येतो गो, नंतर. अंग थंड पडतं नि हात थरथरतात. परवा मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारलीनी. मग ओंडक्यासारखे झोपले ते थेट चहापर्यंत."

"घाम येणारच," मी म्हटलं. "रत्नागिरीत बसल्या जागी येतो. नि त्या वेळी कोणाला येत नाही?"

ती हसली, पण नेहमीसारखी नाही. म्हणाली, "आई म्हणतात ते खरं असेल का? मीच त्यांना खात्ये का?"

मला संताप आला. वैद्यांचा, सासूबाईंचा आणि त्या थंड घामाचाही. तुला वेड लागलंय म्हणून मी तिला झापलं. आमच्या डॉक्टर शेवड्यांना विचारावं, तर विचारायचं काय आणि कोणत्या तोंडाने? त्यांनी भावजींना सांगितलं होतं की जेवायला उशीर झाला किंवा फार चालणं झालं, तर औषधाने रक्तातली साखर नको तितकी उतरते. घाम फुटतो, कापरं भरतं, माणूस बरळतो. तेव्हा खडीसाखर तोंडात टाकायची. कोटाच्या खिशात पुडी ठेवायची. एकदा कोर्टातून चालत येताना भावजींना तसं झालं होतं आणि दारात बसून खडीसाखर खाल्ल्यावर ते ठीक झाले होते. पण ते रस्त्यावर. नवरा-बायकोच्या खोलीत तेच दुखणं येऊ शकतं, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि भावजींनी विचारलं नाही. कोर्टात साऱ्या जिल्ह्याच्या भानगडी वाचणारा माणूस, पण स्वतःची एवढी गोष्ट त्याच्या तोंडून निघेना.

त्या वर्षी गणपती चार दिवसांवर आले होते. रविवार होता. सासूबाई आणि शेजारच्या गंगाकाकू, त्याही सोवळ्यातल्या, नैवेद्याचे लाडू करायला सकाळपासून स्वयंपाकघरात बसल्या होत्या. परातीत चिरलेल्या गुळाचा ढीग. देवाच्या आधी त्यातला कण कोणाच्या जिभेला लागायचा नव्हता. उकाडा मरणाचा, भावजी जेमतेम भाताच्या दोन घासांवर उठले. सकाळची टोचणी मात्र नेहमीच्या मापाची झाली होती. मग घसा खाकरला, दरखास्त दाखल झाली. मी गाणं सुरू केलं.

गाणं संपायच्या आत वहिनी मागच्या जिन्याने धडधडत खाली आली. केस सुटलेले, लुगडं कसंतरी गुंडाळलेलं. मला वाटलं वर साप निघाला. ती माझ्याकडे न बघता विहिरीकडे धावली, रहाटावरून पोहरा खाली सोडला आणि ओढायला लागली. घाईत दोर सुटून पोहरा परत खाली गेला. मी मागे धावले.

"काय झालं गो?"

"ते बोलत नाहीत. दात आवळलेत. कोटात पुडी नाही, कोट काल धुतलाय. साखर हवी गो, साखर हवी!"

"मग इकडे काय करत्येस?"

"आंघोळ करत्ये!" ती किंचाळली. "गूळ आत आहे ना!"

तिच्या डोळ्यांत मी बघितलं. तिला कळत होतं की वर माणूस जातोय, आणि तिचे हात तरीही दोर ओढत होते. लहानपणापासून हातांना जे शिकवलं, ते हात करत होते. पोहरा अर्ध्यावर आला असेल, तेव्हा ती एकदम थांबली. दोर सोडून दिला. पोहरा खाली आपटल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. ती वळली आणि तशीच, कोरड्या अंगाने, स्वयंपाकघरात शिरली.

आत गंगाकाकूंनी किंकाळी फोडली. "अगो, शिवलीस! सगळं ओवळं केलंस!" सासूबाई हातातला लाडू तसाच धरून उभ्या राहिल्या. सुनेचे सुटलेले केस आणि सुटलेलं लुगडं बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असणार. वहिनीने परातीत हात घातला, मूठभर गूळ घेतला, दुसऱ्या हाताने पिण्याच्या पाण्याचा तांब्या उचलला.

"आई, ते जातायत," एवढंच म्हणाली आणि पळाली. मी तिच्यामागून.

वर भावजी अंथरुणावर कलंडले होते. धोतर आम्ही धड केलं. अंग घामाने थबथबलेलं आणि गारठलेलं, डोळे अर्धे उघडे, ओठ एका बाजूला ओढलेले. पाणी ओतलं असतं तर श्वासात गेलं असतं. वहिनीने त्यांना कुशीवर वळवलं, बोट ओलं करून गुळात बुडवलं आणि गालाच्या आतून, हिरड्यांवरून चोळायला लागली. पुन्हा बुडवायचं, पुन्हा चोळायचं. तोंडाने सारखं "अहो, अहो, गिळा ना" चाललेलं. त्यांचं डोकं झटके देत होतं, आणि मला ते धरून ठेवता येईना.

तेवढ्यात दारात लाल आलवण दिसलं. सासूबाई. सोवळ्यात असलेल्या सासूबाई जिना चढून आल्या होत्या आणि उंबऱ्यावर थांबल्या होत्या. समोर अंथरूण, आणि अंथरुणावर मुलगा. क्षणभरच थांबल्या. मग आत आल्या, फतकल मारून अंथरुणावरच बसल्या आणि त्यांनी मुलाचं डोकं दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरलं.

"चोळ गो तू," त्या म्हणाल्या. "मी धरत्ये."

मी गॅलरीतून ओरडून धाकूला डॉक्टरांकडे पिटाळलं. "ह्यो गेलो, वयनी, ह्यो गेलो!" म्हणत तो चिखलातून धावला. गूळ संपत आला आणि भावजींच्या घशाची घाटी हलली. मग पुन्हा हलली. मग त्यांनी वहिनीचं बोट चावलं, आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने रडले. थोड्या वेळाने डोळे उघडून त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "आज तारीख कोणती लागली आहे?" वहिनी हसली आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टर शेवडे आले तोवर भावजी उठून बसले होते आणि गुळाचं पाणी पीत होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले.

"टोचणी किती घेतली होती?"

वहिनीने माप सांगितलं.

"जेवण?"

"दोन घास."

"आणि त्यानंतर काय केलंत? चालणं, ओझं उचलणं, दगदग?"

भावजींनी मान खाली घातली. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. मी वहिनीकडे बघितलं. नुसतं झोपले होते म्हटलं असतं तर सुटली असती. पण त्या घामाचं कारण मग कोणालाच कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी गूळ पोचलाच असता असं नाही. तिचं तोंड लालबुंद झालं, पण आवाज कापला नाही.

"आम्ही दोघं एकत्र होतो," ती म्हणाली. "याआधीही असं झालंय. इतकं नाही, पण घाम, कापरं नि बरळणं. मला वाटलं, घाम तसाच असतो."

डॉक्टर बराच वेळ आपल्या पेटीचं कुलूप चाचपत राहिले. मग म्हणाले, "बाई, हे मी सांगायला हवं होतं. मला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर तोंडातून निघालं नाही. शरीराला ती दगदगच. मैलभर चालून आल्यासारखी. पोटात अन्न नसेल आणि औषध जोरात असेल, तर साखर उतरते. आणि त्या वेळचा घाम नि छातीची धडधड कोणालाही साधी वाटते, म्हणून ओळखू येत नाही."

"मग हे बंदच करायला हवं," सासूबाई दारातून म्हणाल्या. आवाज हुकमी होता, पण त्या डॉक्टरांकडे बघत नव्हत्या.

"कशाला?" डॉक्टर म्हणाले. "चालणं बंद केलंय का त्यांचं? पोटभर जेवावं. आधी थोडं दूध नि पोहे खावेत. नंतर अंग गार लागलं, बोलणं वेडंवाकडं वाटलं, तर वाट बघू नये, गोड द्यावं. ते उशाशी असावं, खाली नाही. आणि त्यांच्या बायकोला जवळ असू द्या. आज ती नसती, तर मी दाखला लिहायला आलो असतो."

डॉक्टर गेले. वहिनी खाली आली, माजघरात गेली आणि गाठोडं बांधायला बसली. दोन लुगडी, फणी, कुंकवाचा करंडा. मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "लांज्याला जायचंच आहे तर आपल्या पायाने जात्ये. आईंनी बाहेर काढलंन असं नको." बोट भावजींच्या दातांनी फाटलेलं होतं आणि गुळाने चिकट. ते धुवायचंही तिला सुचलं नव्हतं.

सासूबाई आल्या. आलवणाला अंथरुणाच्या गादीतला कापूस चिकटलेला. वहिनी उठून उभी राहिली.

"तू आधी विहिरीवर का गेलीस?" सासूबाईंनी विचारलं.

वहिनीला कळेना.

"माडीवरून उतरलीस ती सरळ आत का नाही आलीस? गंगा सांगत्ये, रहाट वाजला म्हणून. विहिरीवर कशाला गेलीस?"

"आंघोळीला," वहिनी म्हणाली. "तुमचं सोवळं होतं, आई. लाडू देवाचे होते."

नवरा गेल्यावर सगळं गेलं आणि जे एक हातात राहिलं, त्याने आज मुलगा नेला असता, हे सासूबाईंना त्या घटकेला दिसत होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. मघापर्यंत मी त्यांच्यावर जळफळत होते. तो सगळा राग माझ्या हातातून गळून पडला.

मग त्यांनी वहिनीच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि बाजूला ठेवलं. कोपऱ्यात तिची वळकटी होती. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, ज्या बाईने कित्येक वर्षं दुसऱ्याच्या अंथरुणाला बोटही लावलं नव्हतं, तिने ती वळकटी दोन्ही हातांनी उचलली. मी पुढे झाले.

"सर तू," त्या म्हणाल्या. "माझं मी नेत्ये."

वळकटी मोठी आणि त्या लहानखुऱ्या. पायरीपायरीला थांबत त्या जिना चढल्या. वर जाऊन भावजींच्या शेजारी त्यांनी स्वतः गादी उलगडली, चादर सारखी केली, आणि खाली येऊन वहिनीला म्हणाल्या, "गुळाची बरणी ने वर. उशाशी ठेव. होऊ दे ओवळी."

एवढं बोलून त्या विहिरीवर गेल्या. डोक्यावरून पाणी घेतलं, ओलेत्याने स्वयंपाकघरात शिरल्या, परातीतला सगळा गूळ काढून टाकला आणि गंगाकाकूंना म्हणाल्या, "बस गो. लाडू पुन्हा पहिल्यापासून करू."